दुसऱ्या वळणाची माती

अमेरिकेत स्पीडवे म्हणजे मोटारींची शर्यत. हे मला इथं आल्यावर कळलं, तेही शर्यतीला जाऊन बसल्यावर.

मुलाच्या मनात चांगलंच होतं. बायको गेल्यावर त्यानं मला इंग्लंडहून उचलून इथं मॉरिसव्हिलला आणलं. मी दिवसभर घरात नुसता बसून असतो हे त्याला बघवत नव्हतं. त्यानं फोनमध्ये स्पीडवे असं टाकलं आणि फोननं सांगितलं, आहे, गाडीनं अमुक रस्त्यानं जा. शनिवारी आम्ही निघालो. सूनबाईनं पराठे बांधून दिले. तिथं पोचलो तर गावाएवढं मैदान, ढीगभर मोटारी, आणि त्या गोल गोल फिरतायत ते संपेचना. लोक कानात बोळे घालून, मांडीवर खाण्याचे डबे घेऊन बसलेले. मी बराच वेळ बघितलं आणि मुलाला विचारलं, मोटारसायकली कधी येणार? तो म्हणाला, "बाबा, हाच स्पीडवे." मी म्हटलं, असेल, पण हा आपला नव्हे.

पराठे तसेच घरी आले.

मला नवल एवढंच वाटलं, की ज्याला लहानपणी दर गुरुवारी हाताला धरून नेला त्याला फरक कळू नये. पण तो तेव्हाही बघत नव्हता. आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहून शाळेचं पुस्तक वाचायचा. पुस्तकावर माती उडाली की झटकायचा आणि पान उलटायचा. त्याचा दोष नाही. कुणाला आवडतं, कुणाला नाही.

आपला स्पीडवे कसा ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान असतं तेवढाच अंड्याच्या आकाराचा रस्ता. त्यावर तांबडी माती. खरं म्हणजे ती माती नसते, मऊ दगडाचा चुरा असतो, तिकडं त्याला शेल म्हणतात. पण आम्ही घरात कायम मातीच म्हणत आलो. एका वेळी चार मोटारसायकली, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. मग पुढचे चार. गाडीला ब्रेक नाही. गिअर एकच. वळण आलं की गाडी आडवी टाकायची आणि डावा पाय जमिनीवर घासत न्यायचा. त्या बुटाच्या तळाला पोलादी पट्टी, बैलाला पत्री मारतात तशी. मागचं चाक जी माती उडवतं ती सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर. ज्याला तोंड जपायचं असेल त्यानं लांब उभं राहावं.

मी सातारा जिल्ह्यातला. शाळा चौथीत सुटली. एका गाववाल्याच्या ओळखीनं इंग्लंडच्या मधल्या भागात, लोखंड ओतायच्या कारखान्यात लागलो. तिथल्या गोऱ्या गड्यांनी मला पहिल्यांदा मैदानावर नेलं. गेलो आणि तांबडी माती बघून पाय जागीच थांबले. पावसानं भिजलेली, दाताळ्यानं सारखी केलेली, दिव्याखाली चमकणारी. कुस्तीच्या फडात माती अशी करतात. त्या देशात सगळं करडं होतं. आभाळ करडं, घरं करडी, माणसांची तोंडं करडी. आणि मधेच हे.

तेव्हा लग्न होऊन बायको नुकतीच आली होती. शर्यतीच्या दिवसाला तिकडं मीटिंग म्हणतात. मी घरी सांगायचो, मीटिंगला चाललो. बायकोची समजूत झाली की मी युनियनमध्ये शिरलो. युनियनवाल्यांना पहिलं काढतात, एवढंच तिनं एकदा ऐकवलं. मग एका गुरुवारी माझा सदरा धुवायला घेतला आणि तांबडं पाणी निघालेलं बघून बाहेर आली.

"ही कसली मीटिंग हो? कुस्ती खेळून येता काय?"

तिचा बाप पैलवान होता. तिला माती ओळखू येत होती. मी सांगितलं, असं असं आहे. ती म्हणाली, मग मला का नेत नाही? तिला न्यायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती पाचवारी साडीवर माझा जुना कोट घालून आली. आत शिरल्याबरोबर नाक वर करून म्हणाली, एरंडेल जाळतात काय? मी हसलो. नंतर कारखान्यातल्या गड्याला विचारलं तर खरंच इंजिनाला एरंडेल घालत होते. पुढं तो वास आला की तिला लहानपणी आईनं नाक धरून पाजलेलं आठवायचं. तरी यायची. दुसरं तिनं बघितलं ते हे, की गाड्या उजव्या हातानं फिरायच्या सोडून डाव्या हातानं फिरतात. ही कुठल्या देवाची प्रदक्षिणा, म्हणाली. तेवढ्यात चौघं दुसऱ्या वळणावर आडवे झाले आणि ढीगभर माती हिच्या अंगावर आली. कपाळ, केस, कोट, सगळं तांबडं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. तिनं तोंडातली माती थुंकली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, पुढच्या वेळेला अजून पुढं उभं राहू.

तेव्हापासून दुसरं वळण ही आमची जागा. कठड्याला टेकून. त्या जागेवर दुसरं कुणी उभं राहायचं नाही. चुकून राहिलंच तर लोकच त्याला सांगायचे, इथं साडीवाली बाई असते.

त्या काळातली गर्दी आता सांगितली तर खोटं वाटेल. कारखाना सुटला की अर्धे गडी घरी न जाता तिकडंच. बसगाड्या भरून यायच्या. आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात एका रंगाचे पट्टे, हातात लाकडी खुळखुळे. टीव्हीवर दाखवायचे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडची पोरं बोटीनं येऊन गावात खोल्या घेऊन राहायची आणि आमच्या संघाकडून पळायची. एक तर आमच्याच कारखान्यात दिवसा फिटर होता. गुरुवारी संध्याकाळी हजारो लोक त्याच्या नावानं ओरडायचे आणि शुक्रवारी सकाळी मुकादम त्याला उशिरा आला म्हणून शिव्या द्यायचा.

अजून एक सांगतो, कारण ते खरं आहे. ज्या बाया आम्हाला काळे म्हणून खोली देत नव्हत्या, त्याच तिथं बायकोला थर्मासमधला चहा द्यायच्या. बाहेर पडलं की परत ओळख नाही. बायकोला याचं काही वाटायचं नाही. ती म्हणायची, जत्रेत सगळे देवाचे, जत्रेबाहेर आपापल्या जातीचे, आपल्याकडं तरी दुसरं काय आहे.

शर्यतींचा मोसम ऑक्टोबरात संपायचा. दसऱ्याच्या सुमाराला. एका वर्षी बायकोनं ठरवलं की एवढी लोखंडाची गाडी, तिची पूजा व्हायला पाहिजे. कुठून तरी झेंडू मिळवला. पिशवीत हळद-कुंकू, लिंबू, उदबत्ती घेऊन शर्यतीच्या आधी ती गाड्या लावतात तिथं गेली आणि आमच्या कॅप्टनला म्हणाली, पूजा. त्याला कळेना. तिचं इंग्रजी तोवर दुकानापुरतं झालं होतं. ती म्हणाली, "नो अ‍ॅक्सिडेंट." हे त्याला कळलं. त्यानं गाडी पुढं केली. तिनं टाकीला कुंकू लावलं, हँडलला फुलं बांधली आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. तो ते लिंबू चिरडून गेला आणि त्या दिवशी एकही शर्यत हरला नाही. पुढच्या दसऱ्याला सगळा संघ ओळीत उभा. एवढंच नाही, समोरच्या संघाचा एक जण येऊन विचारून गेला, माझ्याही गाडीला चालेल का? बायकोनं त्यालाही लावलं. मी म्हटलं, अगं तो आपला नव्हे. ती म्हणाली, त्याला काय आई नाही?

कॅप्टन म्हणायचा, बिनब्रेकच्या गाडीला या बाईचं लिंबू हाच ब्रेक.

हे सगळं कधी उतरणीला लागलं ते नेमकं सांगता येत नाही. एका दिवसात काही मोडलं नाही. कारखाना आधी बंद झाला. मग टीव्हीवर दाखवायचं कमी झालं. चांगली पोरं पोलंडला आणि स्वीडनला जायला लागली, कारण तिकडं मान होता आणि गर्दी होती. सोमवारी एका देशात, गुरुवारी आमच्याकडं, रविवारी तिसरीकडं. पूर्वी संघ म्हणजे गावात राहणारी पोरं. आता कोण आपला आणि कोण पाहुणा हे कागद बघून ठरवायला लागायचं. पाऊस पडला की मीटिंग रद्द, आणि तिकडं पाऊस केव्हा पडत नाही? मैदानाच्या मागं नवीन घरं झाली. त्यात राहायला आलेल्यांनी आवाजाच्या तक्रारी सुरू केल्या. मैदान तिथं आधीपासून होतं, हे त्यांना घर घेताना दिसलं नव्हतं काय? पण तक्रार त्यांची खरी धरली.

एकेक गावचं मैदान विकलं जाऊ लागलं. कुठं मोठं दुकान झालं, कुठं फ्लॅट. आमचं टिकून होतं. कठड्याला टेकलेली माणसं मात्र कमी झाली. शेवटी शेवटी मी बाजूला बघायचो तर सगळी डोकी पांढरी. पोरं नाहीत. चहावाली म्हातारी, तिकीटवाला म्हातारा, झेंडेवाला म्हातारा. बायको म्हणायची, आपल्या गावचा कीर्तनाचा मांडव असाच झाला होता, बुवा आणि समई सोडून समोर कुणी नाही.

तिथं एक रीत होती. कुणी जुनं माणूस गेलं की त्याची राख वळणावर टाकायची. मैदानाची माती बघणारा एक माणूस होता. माळीच म्हणा त्याला, फक्त गवताचा नव्हे, मातीचा. तो दाताळ्यानं ती राख हळूच आत मिसळून टाकायचा. मग शांतता पाळायची नाही, चौघांनी एकदम इंजिनं चालू करून मिनिटभर नुसता आवाज करायचा. असं एकाचं झालं तेव्हा बायको माझ्या शेजारी होती. म्हणाली, मला पण इथंच टाका. मी म्हटलं, नाशिकला न्यायचं नाही? म्हणाली, मला पाण्याची भीती वाटते, तुम्हाला माहीत आहे.

ती कोविडात गेली. दवाखान्यात आत सोडलं नाही. अग्नीला मोजकी माणसं लांब लांब उभी राहू दिली. विमानं बंद, मुलाला अमेरिकेतून येता आलं नाही. त्यानं फोनवर बघितलं. पेटी आत सरकायच्या वेळेला त्याच्याकडचं चित्र अडकलं, एवढं सून नंतर बोलली. तो स्वतः त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मीही विचारलं नाही. आमच्यात ती सवय नाही.

पुढं मैदान परत उघडल्यावर मातीच्या माळ्यानं तिला दुसऱ्या वळणावर मिसळलं. पोरांनी इंजिनं वाजवली. तेव्हाही मुलगा येऊ शकला नाही, त्याच्या ऑफिसात काहीतरी मोठं चालू होतं. मी एकटाच होतो. नंतर माझ्या हृदयाची भानगड निघाली, मुलगा येऊन मला इथं घेऊन आला. इथल्या डॉक्टरनं विमानप्रवास बंद केला.

इथं माझं ठीक चालतं. सकाळी तळ्याभोवती चक्कर मारतो. आपल्याकडचे पुष्कळ म्हातारे तिथं भेटतात, पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, पांढरे बूट घालून फिरणारे. कुणी सहा महिन्यांसाठी आलेला, कुणी माझ्यासारखा कायमचा. सगळे विचारतात, काका, तुम्ही इंग्लंडात काय करत होतात? मी सांगतो, लोखंड ओतत होतो आणि गुरुवारी मोटारसायकली बघत होतो. पुढचं कुणी विचारत नाही.

मागल्या वर्षी मातीच्या माळ्याचा फोन आला. तो अधूनमधून करतो. म्हणाला, मैदान गेलं. शेवटची मीटिंग झाली, आता घरं होणार. कठडे निघाले, दिवे निघाले, आता वरची माती उचलणार. मी विचारलं, कधी? त्यानं पुढच्या महिन्यातला दिवस सांगितला. मग म्हणाला, तुझी बायको त्यात आहे म्हणून तुला सांगितलं.

मला जाता येणार नव्हतं. म्हणजे पुन्हा तिला उचलणार आणि पुन्हा तिथं पोटचं कुणी नसणार. एकदा विमानं बंद होती, एकदा ऑफिस होतं. आता तिसऱ्यांदा तरी असं होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी मैदान गेल्याचं दुःख करायला मी मोकळा होतो, ते मला एकट्याला करता येतं.

संध्याकाळी जेवताना मी मुलाला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तू तरी आईच्या मातीला जा."

तो जेवायचा थांबला. विचार केला. मग म्हणाला, "बाबा, कस्टम्समध्ये अलाउड नाही."

मला कळेना काय बोलतो.

"फॉर्मवरच असतं ते. चेक करतात. आणि किती लागणार? एक छोटी झिपलॉक बॅग? मी त्या काकांना सांगतो, ते इंग्लंडमध्येच कुणाकडं तरी ठेवतील."

मी ताटावरून उठलो. एवढ्या वर्षांत मी कधी भरल्या ताटावरून उठलो नव्हतो. मला वाटलं हा माझी चेष्टा करतो. आई काय बॅगेत भरायची वस्तू आहे? खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

नंतरचे दिवस वाईट गेले. तो मला टाळायचा, मी त्याला. तो सकाळी कॉफी घेऊन वर कामाला बसायचा तो संध्याकाळीच खाली यायचा. एकदा जिन्यावर समोरासमोर आलो तर म्हणाला, मी इंटरनेटवर बघितलं, माती आणायला परमिट लागतं, ते मिळायला वेळ लागतो. मी म्हटलं, तुझं परमिट तुझ्याजवळ ठेव. तो लाल झाला आणि वर गेला. डोळ्यासमोर महिना सरत चालला होता.

शेवटी सूनबाईनं विषय काढला. ती नागपूरची आहे, तोंडानं फटकळ आणि मनानं नीट. मी भाजी निवडत बसलो होतो, ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, काय झालं ते पहिल्यापासून सांगा, दोघं पण फुगून बसले तर घर कसं चालायचं. मी तिला सांगितलं. मी काय म्हटलं, तो काय म्हणाला, शब्दाला शब्द. ती ऐकत होती आणि मधेच तिनं कपाळावर हात मारला. जिन्याखाली जाऊन नवऱ्याला हाक मारली. तो हेडफोन गळ्यात घेऊन आला.

"काय करून राहिला तू इतके दिवस? ते तुला मातीला जा म्हणून राहिले. माती आण, असं कुठं म्हटलं?"

"सेमच ना?"

"सेम नाही. माणूस मेल्यावर त्याला पोचवायला जातात, त्याला मातीला जाणं म्हणतात. ते तुला आईला पोचवायला जा म्हणून राहिले, आणि तू पिशवी शोधून राहिला."

तो उभाच राहिला. मी भेंडी पुसत होतो ती पुसत राहिलो. त्याला मराठी येतं, पण ते घरातलं, स्वयंपाक आणि अभ्यास आणि कोट घाल बाहेर थंडी आहे, एवढं. आमच्या घरात कुणी मेलं तर ते तिकडं गावाला मेलं, तार यायची, मी आणि त्याची आई अंघोळ करायचो आणि कामाला जायचो. मातीला जायची वेळ आमच्यावरच कधी आली नाही, तर त्याच्या कानावर शब्द कुठून पडणार? हे मला तेव्हा सुचलं. आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "मग सरळ फ्युनरल म्हणायचं ना."

मी म्हटलं, "फ्युनरल झालं. माती व्हायची राहिली."

तो वर गेला. मला वाटलं, गेला परत कामाला. पण थोड्या वेळानं जिन्यावरून खाली वाकून विचारलं, त्या काकांचा नंबर काय.

माती उचलायच्या दिवशी मुलगा इंग्लंडात होता. इथं सकाळ होती, तिकडं दुपार. सूनबाईनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलावर ठेवला. चित्रात मुलगा, बारीक पाऊस, त्याच्या डोक्यावर कुणाची तरी पिवळी हेल्मेट टोपी. मागं मैदान. मी ओळखलं म्हणतो, पण ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कठडा नाही, छप्पर नाही, नुसता तांबडा पट्टा आणि भोवती चिखल. मातीचा माळी शेजारी उभा होता. फार म्हातारा दिसला. मीही त्याला तसाच दिसलो असणार.

त्यानं सांगितलं की माती टाकून देणार नाहीत. लांब एका गावात काही लोकांनी मिळून मैदान चालू ठेवलंय, त्यांना चांगली शेल परवडत नाही, ते ट्रक घेऊन आलेत. जिथं जिथं मैदान बंद पडतं तिथली माती असंच कुणी तरी घेऊन जातं, पूर्वीपासून. त्यांच्या मैदानावर आधीच तीन गावांची माती आहे. आणि म्हणाला, तुम्हाला हवं असेल तर दुसऱ्या वळणाची थोडी बाजूला काढून ठेवतो.

मुलानं फोन तोंडाजवळ घेतला. "बाबा, थोडी ठेवायची का? काका ठेवतील. नंतर नाशिकला नेता येईल."

त्यानं हे मनापासून विचारलं. सूनबाई माझ्याकडं बघत होती. मी तिला पाण्याची भीती होती तेच सांगणार होतो, पण ते त्याला माहीत होतं.

"नको," मी म्हटलं. "सगळी जाऊ दे. तिला एकटीला बाजूला काढू नका."

"ओके."

"आणि आता मला काही दाखवू नको. फोन खिशात ठेव आणि उभा राहा. गाडी गेटाबाहेर जाईपर्यंत तिथून हलायचं नाही."

त्यानं फोन खिशात टाकला. बंद करायचा राहिला. टेबलावर नुसतं काळं चित्र. आवाज येत होता. मशीन मागं येताना पी पी वाजतं ते, मग लोखंड दगडावर घासल्यासारखं, मग ट्रकच्या रिकाम्या तळावर माती पडली तो मोठा आवाज, मग मातीवर माती पडली तो बारीक. असं बराच वेळ चाललं. मधे कुणी तरी, ट्रकवाला असेल, मुलाला विचारलं की तू कोणाकडून, इथं काम काय. मुलगा म्हणाला, माझी आई आहे त्या वळणात. हे तो इंग्रजीतच बोलला. पण अमेरिकेत येऊन त्याचं इंग्रजी गुळगुळीत झालंय, ते नव्हे. आमच्या गावचं, कारखान्यातल्या गड्यांचं, कठड्याला टेकून बोलायचं इंग्रजी. ते त्याच्या तोंडून मी तो कॉलेजात गेल्यापासून ऐकलं नव्हतं. त्यानंतर मशीनचा आवाज थोडा वेळ थांबला. मग परत सुरू झाला, पण सावकाश.

सूनबाईनं गॅस बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसली. ट्रक सुरू झाल्याचं दोघांनी ऐकलं. गेल्याचंही ऐकलं.

मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला. गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला म्हणून मी आतलं दार उघडलं. तो गाडीजवळ उभा होता. बूट त्यानं बाहेरच काढून ठेवले होते. बॅग जमिनीवर. सूनबाई नेहमीसारखी बॅग उचलायला पुढं झाली तर तो मागं सरला.

"कुणी हात लावू नका. आधी अंघोळ," म्हणाला.

मी सूनबाईकडं बघितलं. तिनं मान हलवली, तिनं सांगितलं नव्हतं. बहुतेक विमानात बसून त्यानं फोनमध्ये शोधलं असेल. कुठून का शोधेना.

आम्ही दोघं बाजूला झालो. तो भिंतीला न टेकता, कशाला न शिवता, मधून चालत न्हाणीत गेला. पाणी सुरू झालं. मी टॉवेल घेऊन बाहेर उभा राहिलो.

त्याची झाल्यावर मी केली.